आग्याच्या झाडाभोवतीची भिंत

दादा,

बाळूचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत बसले होते. बाळू म्हणाला, "मंदाताई, दादा गेला." मी विचारलं, "कुठं गेला?" मी पुन्हा विचारलं, "अरे, कुठं गेलाय? परळीला का?" तिकडून रडण्याचा आवाज आला, तरी मला कळलं नाही. फोन ठेवून मी पुढच्या पेपरातली तीन उत्तरं तपासली, गुण दिले, आणि मग उठून मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "सर, माझा भाऊ वारला." ते वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हाच मी ते पहिल्यांदा ऐकलं.

आज सोळा दिवस झाले. अजूनही कुणी विचारलं की मी सगळं नीट सांगते आणि सांगताना मला ते खरं वाटत नाही. वेशीजवळच्या हॉटेलात तू अर्धा कप चहा सांगितलास. बाकावर बसलास आणि टेबलावर डोकं टेकलंस. हॉटेलवाल्याला वाटलं, डुलकी लागली. तो चहा ठेवून गेला, थोड्या वेळानं आला तर चहावर साय धरलेली. एकसष्ट वर्षांत तू एकदाही दवाखान्यात झोपला नव्हतास. चुलतभाऊ म्हणून बाळूला बोलावलं, त्यानं तुला गाडीत घालून नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, हृदय. दुसरं काही बोललेच नाहीत ते. आदल्या दिवशी तू विहिरीतली मोटार वर काढायला चार जणांबरोबर दोर ओढलास म्हणे. असा माणूस चहा निवायच्या आत कसा जातो, हे मला कुणीतरी समजावून सांगायला हवं आहे.

आमच्या कड्याहून तुझं धर्मापुरी म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. ह्यांनी गाडी काढली. आई मागच्या सीटवर बसली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बीड ओलांडल्यावर म्हणाली, "सकाळचं पानी घालूनच भाईर पडला आसंल त्यो. संध्याकाळचं कोन घालंल?"

"कशाला पाणी?"

"झाडाला गं."

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, धक्क्यानं हिचं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आई, त्या झाडाचं नाव आत्ता काढू नकोस."

"रोज सांगायचा मला. तू शाळंत गेलीस की फोन करायचा. आज दोन पानं गळाली, आज येक फुटलं. लई ऊन झालंय म्हनं, पोती भिजवून टाकतो."

"रोज फोन करायचा?"

"रोज."

दिवाळीपासून आई माझ्याकडे होती. इतके महिने माझ्याच घरात रोज तुझा फोन वाजत होता आणि मला पत्ता नव्हता. मी म्हणाले, "त्याच झाडानं तुझा हात महिनाभर जाळला ना?"

आई शांतपणे म्हणाली, "डसलं मला. राग धरलास तू."



दादा, ते झाड तुझ्या आयुष्यात आलं ते मला आठवतं. तू कॉलेजात माळी होतास आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी कुठल्याशा घाटातून ओल्या पोत्यात गुंडाळून एक फांदी आणली होती. तू मला मुद्दाम फोन केलास. "मंदे, येक झाड आलंय. हात लावला की सुई टोचल्यावानी न्हाई, निखारा ठिवल्यावानी हुतं. घाटातली मानसं आग्या म्हनत्यात त्याला." तुझा आवाज घरात मूल जन्मल्यासारखा होता. मी हसले होते. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हात घाटातल्या ओल्या सावलीचं झाड जगणार नाही, असं सगळ्या प्राध्यापकांनी सांगितलं. तू त्याच्यावर दुहेरी हिरवी जाळी बांधलीस, खड्ड्यात कुजलेला पाला भरलास, भोवती ओली पोती टांगलीस, आणि उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लांबून पाइपनं पाणी मारलंस. मे महिन्यात सुट्टी असली तरी सायकलवरून जायचास. पहिल्या वर्षी ते मेल्यासारखं झालं. दुसऱ्या वर्षी तुझ्या कमरेला आलं. नंतर डोक्याच्या वर गेलं.

गावात लोक त्याला खाजकुयली म्हणायचे आणि तू चिडायचास. "खाजकुयलीचा येल आसतो बे. हे झाड हाय, झाड." चौथीपर्यंत शिकलेला माझा भाऊ कॉलेजच्या पोरांना पानाच्या शिरांवरचे केस भिंगातून दाखवायचा. काचेसारखे ठिसूळ केस, टोक मोडतं आणि आतलं विष अंगात जातं, गळून वाळलेलं पानसुद्धा डसतं, डसलं तर चोळायचं नाही, लगेच पाण्यात हात घालायचा नाही, डॉक्टरी चिकटपट्टी लावून झटक्यात ओढायची, म्हणजे केस निघतात. हे सगळं तू मला इतक्या वेळा सांगितलं होतंस की मी ऐकणंच सोडून दिलं होतं. एकदा तू म्हणालास, "हे बाई झाड हाय. गडी झाड जवळ न्हाई, म्हनून फळ धरत न्हाई." तेव्हाही मी हसलेच होते.

मग मॅडम निवृत्त झाल्या. कॉलेजला नवी इमारत हवी होती, बाग मोडायचं ठरलं. गुलाब, क्रोटन, जास्वंदीची रोपं लोकांनी वाटून नेली. आग्या उपटून टाकायला तुलाच सांगितलं. तू ते टेम्पोत घालून धर्मापुरीला आणलंस. टेम्पोवाला रस्ताभर काचा लावून, तोंडाला रुमाल बांधून बसला होता, हे सांगताना तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होतास. घरामागं, न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं खड्डा करून लावलंस. मी विचारलं, "कावून पण, दादा? जगात झाडं संपली का?"

तू म्हणालास, "मॅडमनी माझ्या हवाली केलंय. आन् त्याचं काय चुकतंय? त्याला पळता येत न्हाई, वरडता येत न्हाई. माझ्या आंगाला लागू नका, येवढंच म्हनतंय ते."

यावरचं उत्तर मला दिवाळीत सुचलं.

दिवाळीत आई परसात शेवग्याच्या शेंगा पडल्यात का बघायला गेली. तिला नीट दिसत नाही हे तुला माहीत होतं. झाडाभोवती तेव्हा फक्त चार काठ्या आणि सुतळी होती. आईनं आधारासाठी हात टाकला तो थेट फांदीवर. तिची किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. गुरांमागं उभं आयुष्य काढलेली, विंचू चावला तरी दात आवळून बसलेली बाई जमिनीवर लोळत होती. तू चिकटपट्टी घेऊन धावलास. दोन दिवसांनी मी आईला कड्याला घेऊन निघाले. जाताना दारात म्हणाले, "ते झाड तोड. तोडल्याशिवाय मी या घरात पाय ठेवणार नाही." तू मान खाली घालून म्हणालास, "तोडायचं न्हाई होनार माझ्याच्यानं, मंदे. दुसरं काय म्हनशील ते करतो." मी दुसरं काहीच म्हणाले नाही.

आईचा हात महिनाभर दुखत होता. गार पाणी लागलं की कळ पुन्हा उठायची. ते बघून माझा राग ताजा व्हायचा. माघात बाळूच्या मुलीच्या लग्नात तू लांब मांडवाच्या टोकाला वाढपात होतास आणि मी बायकांच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते झाड एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार, बघा." बोलायला मी कधीच कमी नव्हते. तूच म्हणायचास.

आम्ही पोचलो तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. तुझ्या चेहऱ्याबद्दल मी लिहिणार नाही. मी जवळ बसले, वैनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि माझं लक्ष मधल्या दारातून परसात गेलं. तिथं भिंत होती. छातीपर्यंत दगडाची, वर लोखंडी जाळी, एक पत्र्याचं दार, दाराला कुलूप. पत्र्यावर तुझ्या अक्षरात रंगानं लिहिलेलं, "आत जावू नये. गळालेलं पानबी डसतं." मी ते वाचत राहिले. भाऊ समोर निजलेला आणि मी भिंतीकडे बघत बसलेली. बायकांना वाटलं असेल, हिला भोवळ येतेय. मला एवढंच कळत होतं की ही भिंत कधी झाली ते मला ठाऊक नाही. तुझ्या घरात एवढी मोठी गोष्ट झाली आणि मला ठाऊक नाही, असं आपल्यात कधी झालं नव्हतं.

देवळामागच्या माळावर आपण शेळ्या राखायचो तेव्हा तू माझ्या शेळ्याही तुझ्यात घ्यायचास, कारण मला पुस्तक वाचायचं असायचं. संध्याकाळी आईला सांगायचास, "मंदीनं आज लई चांगली राखली शेरडं." माझ्या मास्तरीण होण्यात तुझ्या त्या खोट्या बोलण्याचा वाटा किती, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ठाऊक असेल असं धरून चालले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. पुण्याहून आलेला तुझा मुलगा संतोष आत पडून होता. अंगणात दहा-पंधरा माणसं होती. बाळू डिझेलचा कॅन घेऊन आला आणि म्हणाला, "आता ते झाड ठिवायचं न्हाई. त्यानंच खाल्लं दादाला. रोज त्याच्यापाशी बसून बसून इख भिनलं आंगात."

कुणीतरी म्हणालं, "खरं हाय."

बाळूनं माझ्याकडे बोट केलं. "मंदाताई लग्नातच म्हनली व्हती. जीव घेनार म्हनून. शिकलेली बाई हाय, उगा म्हनंल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा, दिवाळीपासून मला जे हवं होतं ते करायला पंधरा माणसं माझ्यासमोर तयार उभी होती. मी नुसती मान हलवायची होती.

मी म्हणाले, "म्हणाले होते मी. रागात म्हणाले होते. ते खरं नाही."

"मंग कशानं गेला दादा?"

"हृदयानं. तूच नेलंस ना त्याला, तुझ्यासमोर डॉक्टर बोलले ना?"

"डाक्तरला काय ठावं?"

"बाळू, ते झाड डसलं तर माणूस तळमळतो, सुजतो, पण दादा चहाची वाट बघता बघता गेला. झाडानं त्याला काही केलेलं नाही. मी सगळ्या पंगतीत बोलले, आता सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी आहे. आणि ते जाळू नका. त्याचा धूर नाकातोंडात गेला तर सगळ्यांचे घसे धरतील. दादा सांगायचा." तू सांगायचास ते मी ऐकणं सोडलं होतं असं मला वाटत होतं. ऐकलेलं होतं सगळं.

बाळू हट्टाला पेटला होता. त्याचंही काय चुकलं, तुझ्यावर त्याचा जीव होता आणि त्याला कुणावर तरी तुटून पडायचं होतं. तो दाराकडे वळला. तेवढ्यात वैनी उंबऱ्यात उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाळूभावजी, त्यो कॅन न्या माघारी. परवा येकाला जाळून आलाव. आता ह्या घरातलं दुसरं काई जाळायचं न्हाई."

बाळू कॅन खाली ठेवून तिथंच मटकन बसला. मग तो लहान पोरासारखा रडला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा कुठं मला पहिलं रडू आलं.

तीन दिवस झाडाला पाणी नव्हतं. आई सारखी विचारत होती. वैनीनं किल्ली काढून दिली, तुझा रेनकोट, वेल्डिंगवाल्यांचे असतात तसले चामडी हातमोजे, गॉगल, सगळं दिलं. मी आत गेले. पानं खाली लोंबत होती. पोती वाळून कडक झाली होती. भिंतीत तू खिळे ठोकून चिमटा आणि चिकटपट्टीचा डबा टांगला होतास. मी लांबून पाणी सोडलं, पोती भिजवली, पडलेली पानं चिमट्यानं उचलून खड्ड्यात टाकली. वाटलं, जमलं. बाहेर पडताना जाळीची सुटलेली दोरी बांधायला हात वर केला, बाही सरकली आणि हातमोजा आणि बाहीच्या मधल्या दोन बोटांच्या जागेवर पान टेकलं. नुसतं टेकलं.

निखारा म्हणायचास तू. निखारा काढून टाकता तरी येतो. मी चिमटा टाकून दिला आणि भिंतीला धरून खाली बसले. वैनी धावत आली, तिनं चिकटपट्टी दाबून बसवली, "डोळे मिटा" म्हणाली आणि ओढली. तिला हे तूच शिकवलं होतंस. दुपारपर्यंत काखेत गाठ आली. आई शेजारी येऊन बसली. तिनं हाताला हात लावला नाही, फक्त म्हणाली, "पान्यात घालू नगं. पंधरा दिस तर्‍हा करतंय, मंग कमी हुतं."

आता तुला सांगते, दादा. कळ सोसल्यावर माझं मत बदललं असं समजू नकोस. तुझं चुकलंच होतं. घरात डोळ्यांनी अधू म्हातारी असताना सुतळी बांधून असलं झाड ठेवतात का? ती भिंत तू दिवाळीच्या आधी बांधायला हवी होतीस. हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते आणि तू मान खाली घालून "व्हय" म्हणाला असतास. दिवाळीत एवढंच बोलून मी थांबायला हवं होतं. "भिंत बांध" म्हणायचं होतं, मी "तोड" म्हणाले. तू तर विचारलंही होतंस, दुसरं काय करू.

पाचव्या दिवशी तुझ्या फोनवर मॅडमचा फोन आला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय मारुती, गुढीपाडव्यानंतर फोन नाही, झाड कसं आहे?" मी सांगितलं. त्यांनी तुझं नाव दोनदा घेतलं. मग त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मंदा का? भिंत बघितलीत?" त्यांनाही ठाऊक होतं. पावसाळ्यात त्या कुणाला तरी पाठवून फांद्या नेणार आहेत, दुसरीकडं कलमं लावायला. वैनीनं बजावून सांगितलंय, फांद्या न्या, झाड हलवायचं नाही.

तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा आई गाडीत बसली नाही. ती आता इथंच राहणार म्हणाली. वैनी रेनकोट घालून पाणी घालते, तो तिला पायघोळ होतो. आई भिंतीबाहेर खुर्ची टाकून बसते आणि पाण्याच्या आवाजावरून सांगते, पुरे झालं की अजून हवं. काल वैनीचा फोन होता, दोन नवी पानं आलीत म्हणाली.

निघताना वैनीनं मला भिंतीचं सांगितलं. माघातल्या लग्नात मी जे बोलले ते तुझ्या कानावर त्याच दिवशी गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माळावरचे दगड आणायला लागलास. एकट्यानं. पाडव्याच्या आदल्या दिवशी दार बसवलंस आणि वैनीला म्हणालास, "आता मंदी येईल. तिला म्हनतो, तोडलं न्हाई पर बांधून घातलंय. बघू काय म्हनती."

पाडव्याला सकाळी तुझा फोन आला, दादा. आईच्या फोनवर नाही, माझ्या. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी ओट्याशी उभी होते, फोन समोर होता, तुझं नाव दिसत होतं. तो पूर्ण वाजून बंद झाला. आईनं आतून विचारलं, "कुनाचा गं?" मी म्हणाले, "कामात आहे, बघते नंतर."

मी कामात नव्हते, दादा.